मांडावरचा दिवा

आत स्वयंपाकघरात टोपाचं झाकण पडलं, आणि पडून थांबलं नाही – गोल गोल फिरत, खणखणत राहिलं. बाहेर सोप्यावर चटईवर बसलेल्या बायकांनी तासाभरात तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या एकदम हसल्या.

गौरवी मात्र त्यांच्याकडे बघतच राहिली. पणजीतल्या एका संस्थेच्या कामासाठी ती तीन महिने दर बुधवारी डिचोलीहून बसनं वर गावडेवाड्यावर येत होती. खाणी बंद पडल्या, ट्रक जागच्या जागी गंजले, पुरुष घरात बसले आणि बायकांची झोप उडाली. त्यांच्याशी बोलायचं, त्यांना बोलतं करायचं, हे तिचं काम. पण बोला म्हटल्यावर कोण बोलतं? बायका पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायच्या, आणि वेळ संपली की तिला चहा पाजून पाठवायच्या.

झाकण पाडणारा चहा घेऊन बाहेर आला. शर्टाची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली. हा तर बसचा ड्रायव्हर... ती दर बुधवारी याच्याच मागच्या सीटवर बसून येत होती, आणि आजवर तिनं फक्त त्याचं डोकं मागून पाहिलं होतं.

"मी इतके दिवस डोकं फोडतेय, कुणी हसलं नाही," ती कप घेताना म्हणाली. "तुम्ही एक झाकण पाडलंत आणि काम झालं."

"पुढच्या बुधवारी टोप पाडतो, मॅडम."

त्याचं नाव गौरेश. हे घर त्याचंच होतं, आणि दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं बघणारी पद्मावती त्याची आई.

डिचोलीकडे परत उतरताना बसमध्ये त्यानंच विषय काढला. आमच्या बायका अशा बसून बोलत नाहीत, म्हणाला. पौष लागला की त्या मांडावर, वाड्याच्या राखीव अंगणात, धालो खेळतात – समोरासमोर दोन रांगा, एकीचा हात दुसरीच्या कमरेला – आणि तेव्हा सासूपासून दारुड्या नवऱ्यापर्यंत सगळं गाण्यातून निघतं. ऐकून कुणी रागवायचं नाही. पुरुषांनी तर मांडावर पाऊलही ठेवायचं नाही. पण चार वर्षं मांड बंद होता. तो उघडायचा मान मांडकाराच्या घराचा, म्हणजे गौरेशच्याच. त्याचे वडील गेल्यापासून आई मांडाकडे फिरकली नव्हती. घरात सून येत नाही तोवर मांड उघडणार नाही, असं तिनं वाड्याला सांगून टाकलं होतं.

"मग आणा की सून," गौरवी सहज म्हणाली.

"आई बघतेय," त्यानं वरच्या आरशातून मागं पाहिलं. "पण मी बघतोय तिकडं ती बघत नाही."

गौरवीनं मान खिडकीकडे वळवली. डिचोली येईपर्यंत ती तशीच होती.

त्यानंतर तिनं चटई गुंडाळून ठेवली. मला धालोची गाणी शिकवा, एवढंच ती बायकांना म्हणाली, आणि गंमत अशी की तिला शिकवता शिकवता त्या बोलू लागल्या. कुणाच्या मुलाला नोकरी नव्हती, कुणाला रात्रभर छातीत धडधडायचं. मनीषा नावाची एक तोंडाळ बाई तर चालीवरून गौरवीची यथेच्छ थट्टा करायची – डिचोलीच्या बाईचा गळा चांगला, पण पाय लाकडाचे, म्हणायची. आणि बसमध्ये गौरेशच्या मागची सीट दर बुधवारी कुणाची तरी पिशवी ठेवून अडवलेली असायची. पिशवीत काही नसायचं.

नाताळच्या सुट्टीत गौरवी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, सिद्धीलाही बरोबर आणू लागली. पौष लागला होता. खूप मिनतवाऱ्या केल्यावर पद्मावती एवढ्याला तयार झाली, की मांड साफ करा, सारवा. खेळायचं मात्र नाव काढायचं नाही.

सारवताना मनीषानं बातमी दिली. पेडण्याला मुलगी बघितलीय, रविवारी गौरेशला दाखवायला नेणार. झालं, मांड उघडला म्हणून समजा.

"बरं झालं," गौरवी म्हणाली. मग बराच वेळ तिचा शेणाचा हात एकाच जागी फिरत राहिला.

तिन्हीसांजा झाल्या. सारवलेला मांड ओला, गार दिसत होता. तुळशीपाशी कुणीतरी सवयीनं समई आणून ठेवली होती, आणि बायका लांब उभ्या राहून तिच्याकडे नुसत्या बघत होत्या. सिद्धी काळोखाला घाबरून आईच्या साडीला चिकटली. गौरवीनं हात धुतले, काडेपेटी घेतली आणि घरोघर लावतात तसा दिवा लावला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मनीषा हळूच पुढं झाली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "बाय, हा दिवा मांडकाराच्या घरची सून लावते."

गौरवीनं काडेपेटी खाली ठेवली. पद्मावती मांडाबाहेर दगडावर बसली होती. गौरवी कशीबशी तिच्यापाशी गेली. "माय, मला माहीत नव्हतं. आणि माझा नवरा... तीन वर्षं झाली त्याला जाऊन. मी तर मुळीच लावायला नको होता."

पद्मावती समईकडे बघत राहिली. 

"माझा पण गेला," ती म्हणाली. "म्हणून चार वर्षं मी हय बसलंय. दिव्याक काय कळता, कोणी लावलो तो?" तिनं चपला काढल्या, मांडावर आली आणि बायकांकडे वळली. "पेटलो तो पेटलो. आता गातलात, काय माझ्या तोंडाकडे बघत बसतलात?"

पहिला सूर फाटका निघाला. दुसऱ्या ओळीला दोन्ही रांगा हलल्या.

गौरेश शेवटची बस घेऊन आला होता. सारवणाच्या कडेशी येऊन थांबला. पुढं येणं त्याला शक्यच नव्हतं. गौरवी आतून कडेपर्यंत गेली. दोघांत वीतभर ओली जमीन.

"घोळ झाला माझ्या हातून," ती म्हणाली. "पेडण्याच्या मुलीचा मान मी घेतला."

"तिकडं जायचं नाही, असं आईला कालच सांगितलंय."

"काल?"

"काल. दिवा आज लागला." त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "आता ज्यानं... जिनं तो लावला, तिनं धालो संपून मांड मोडेपर्यंत रोज यायला हवं."

"येईन."

"आणि पुढच्या पौषात."

"बरं."

"त्याच्या पुढच्या पण."

"आणि मधले महिने?" तिनं विचारलं. विचारल्यावर तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मधले महिने..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आमच्याच घरी राहा ना."

मागं गाणं चाललं होतं. गौरवी हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "मी राहीन. पण मी एकटी नाही. सिद्धीला विचारल्याशिवाय मला हो म्हणता यायचं नाही."

"विचार," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो तिला एकेरीत बोलला होता, आणि दोघांनीही ते चुकीनं झाल्यासारखं दाखवलं नाही.

उतरताना बसमध्ये ती तिघंच होती. गौरवीनं सिद्धीला मांडीवर घेऊन सोप्या शब्दांत सगळं सांगितलं – तो दिवा, ते घर, तिथं राहायला गेलो तर कसं. सिद्धीनं नीट ऐकून घेतलं. मला रांगेत नाचायला घेतील का, असं विचारलं. घेतील, गौरवी म्हणाली. हॉर्न वाजवायला मिळेल का? समोरून गौरेशनंच मान हलवली.

खाणीच्या तळ्यापाशी वळण आलं. सिद्धी आईच्या बांगड्या मागं-पुढं करत बसली होती. मग तिनं वर पाहिलं.

"आई, तिथं जाताना बाबांचा फोटो पण न्यायचा?"