हेन्रिक साहेबांची कॉफी

हेन्रिक साहेबांनी कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला आणि हियामने धसकून वडिलांकडे पाहिलं.

साहेब युरोपातून आले होते, गावाला पाण्याची टाकी बांधून द्यायला. पोट नाजूक म्हणून कॉफी नको, एवढीच काय ती गोष्ट! पण जेनिनकडच्या त्या गावात पाहुणा भरला पेला खाली ठेवतो तो एकाच कारणाने. त्याला यजमानाकडे काहीतरी मागायचं असतं, आणि मागणं मान्य होईपर्यंत तो घोट घेत नाही. हियाम रामल्लाच्या पाणी खात्यात इंजिनियर. साहेबांना गावी घेऊन आली होती तीच, आणि समोर बसलेले यजमान तिचे वडील. गाव त्यांना अबू ऐद म्हणायचं, आणि जरा दबकूनच म्हणायचं.

"बोला पाहुणे," अबू ऐद सावरून बसले. "काय मागणं आहे?"

साहेब द्यायला आलेले. मागायचं काय, हे त्यांना कुठे ठाऊक! ते नुसतेच हसले. अबू ऐदांच्या भुवया चढल्या.

तेवढ्यात साहेबांचा दुभाषी पुढे सरकला. जेरुसलेमचा तमीम... सकाळपासून गाडीत हियामच्या शेजारी बसून अवाक्षर न काढलेला.

"काका, साहेब म्हणतायत, टाकीसाठी टेकडीवरची तुमची जागा द्याल, तरच कॉफी घेईन."

टाकीच्या आराखड्यात हीच जागा होती. ती बाबांकडे मागायची कशी, या विचाराने हियामची झोप उडाली होती. आणि हा पठ्ठ्या बोलून मोकळा!

अबू ऐदांनी साहेबांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "दिली! प्या आता."

साहेबांनी प्यायली बिचाऱ्यांनी.

बाहेर बारीक पाऊस होता. अंगणातला बदाम पांढरा फुलला होता.

"साहेब असलं काही म्हणालेच नव्हते," हियाम हळूच तमीमला म्हणाली.

"म्हणाले असते... आणखी चार बैठकांनंतर."

"दुभाष्याने पदरचं घालायचं नसतं म्हणे."

"नसतंच. आज पहिल्यांदा घातलं." त्याने छत्री तिच्या डोक्यावर धरली. "तुमचा चेहरा फार पडला होता हो."

स्वतः मात्र भिजत उभा, वेडा कुठला. हियामला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून स्वतःचाच रागही आला.

टाकीचा कागद पुढे इस्रायली आणि पॅलेस्टिनी अधिकाऱ्यांच्या संयुक्त समितीकडे गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. शांततेची बोलणी सुरू झाली की तो जरा हलायचा, बोलणी फिसकटली की पुन्हा बसायचा. जागा तयार, युरोपचा पैसा तयार, टाकीचा पत्ता नाही. दोन्हीकडचे लोक हस्तांदोलन करायचे, बिस्किटं खायचे आणि पुढची तारीख घेऊन उठायचे. बैठक संपली की तमीम हियामच्या कचेरीत यायचा आणि तिने केलेली कॉफी एका दमात संपवायचा.

"काय अधाशासारखी पितोस रे!"

"तुझ्या बाबांकडे शिकलो. पेला खाली ठेवला की लोक घाबरतात."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

हियामने मात्र त्याला एकदा स्पष्टच सांगून टाकलं होतं. "तुझं ओळखपत्र निळं, जेरुसलेमचं; माझं हिरवं, इकडचं. जेरुसलेममध्ये इस्रायली मला राहू देणार नाहीत. तू इकडे राहायला आलास, तर तुझं कार्ड काढून घेतील. मग आईला भेटायलाही परवाना मागत फिरशील. या वाटेला नकोच जायला, तमीम."

तमीमने समोरची कॉफी तेवढी संपवली होती. जन्मभर इकडची वाक्यं तिकडे पोचवलेली, स्वतःचं म्हणून एकही ओठावर येईना. मग जिनिव्हाची नेमणूक चालून आली. चांगली, लांबची, मानाची. हियामने अभिनंदन केलं आणि घरी जाऊन पोटभर रडली.

होकार कळवायचा त्याच्या आदल्या दिवशी तो दुपारी कचेरीत आला. तिने कॉफी पुढे ठेवली. त्याने पेला उचलला... आणि खाली ठेवला.

"गार होतेय," ती म्हणाली.

"होऊ दे."

हियामने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता.

"काय... काय मागणं आहे?"

"कफर अकबमध्ये घर पाहिलंय. इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या या बाजूला आहे, पण कागदोपत्री जेरुसलेमच. माझं कार्ड टिकतं आणि तुला परवाना लागत नाही."

"तिथे? अरे, तिथे कचरा उचलायला कुणी फिरकत नाही! पाणीसुद्धा धड येत नाही!"

"म्हणून तर घरात पाण्याची इंजिनियर हवीये."

हसता हसता हियामचे डोळे भरून आले. "आणि जिनिव्हा?"

"तू 'पी' म्हणालीस तर नाही जाणार. नाही म्हणालीस तर... उद्या होकार कळवतो."

"हे कोण बोलतंय? साहेब?"

"मीच बोलतोय. तुझ्याशिवाय मला करमत नाही, हियाम."

"मला तरी कुठे करमतं? त्या छत्रीपासून माझी हीच गत आहे." तिने पेला त्याच्याकडे सरकवला. "पी."

त्याने ती गारढोण कॉफी गाळासकट संपवली.

"ही झाली माझ्याकडची," हियाम डोळे पुसत म्हणाली. "आता बाबांकडे. तुझ्या बाजूने बोलायला वडीलधारं कुणाला आणणार?"

तमीमचे वडील कधीच गेले होते. तो जरा चाचरला. "हेन्रिक साहेब तयार आहेत."

"त्यांना अरबी कुठे येतं!"

"मी आहे की भाषांतराला."

"बाबा म्हणतील, जागा मागितलीत, दिली. टाकी अजून आली नाही. आता मुलगी कुठल्या तोंडाने मागता?"

"म्हणून तर या वेळी पदरचं काही घालणार नाही."

"आणि बाबा हो म्हणेपर्यंत साहेबांना पेल्याला हात लावू देऊ नकोस. सांगून ठेव!"

"ते सांगायला नको," तमीम म्हणाला. "तेवढं त्यांना छान जमतं."