इद्दतीतला सुरमा

टप्प.

मातीच्या रांजणातून पाझरलेला थेंब खालच्या पातेल्यात पडला. दुपारच्या चिडीचूप घरात तेवढाच काय तो आवाज. शहरबानूने सुईवरची नजर उचलून आधी लेकीकडे पाहिलं. सुगरा ओल्या चादरीवर पालथी झोपली होती. ती झोपली की शहरबानूला स्वतःचे असे थोडे क्षण मिळत. त्या वेळात ती शिवे आणि मनातल्या मनात दाभोळला जाऊन येई. कुवेतच्या या गल्लीत तिच्या बोलीत बोलणारं दुसरं बाईमाणूस नव्हतं.

दार ढकलून यूसुफ आत आला. डोक्यावरचा रुमाल हातात, चेहरा पांढराफटक.

"अगो, मोहोर मीच घेतली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"थोरले मालक, सक्र. उद्या तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजापर्यंत आणून दे, नाहीतर पोलीस. आणि मग मुंबईची बोट. तिघांनाही."

शहरबानूच्या हातातली सुई बोटात शिरली. तिने बोट तोंडात घातलं आणि नवऱ्याला बसायला सांगितलं.

नखलान घराण्याची ठशाची मोहोर सगळ्या कुवेतला ठाऊक होती. यूसुफच्या मालकाच्या, हाजी मुतलकच्या आजाने मोत्यांच्या कमाईतून इराकात बसऱ्याकडे, नदीकाठी, खजुरांच्या बागा घेतल्या. बाप शहराच्या मजलिसमध्ये बसे. तो खाकरला तरी लोक बोलायचे थांबत. अकीक दगडावर कोरलेलं घराण्याचं नाव वडिलांकडून थोरल्याकडे येई. बागेवरचे राखणदार त्या ठशाखेरीज कुणाचा हुकूम मानत नसत. हाजी ती दोरीत ओवून गळ्यात घालत.

उन्हाळ्याच्या तोंडाला हाजी वारले. मागोमाग बगदादेत राजा मारला गेला, फौज आली, आणि मोठ्या जमिनी सरकार घेणार अशी बोलवा उठली. थोरल्या सक्रला बागा ताबडतोब विकायच्या होत्या. गिऱ्हाईक तयार होतं. मोहोर नव्हती.

"दवाखान्यात तुम्ही नेलंत ना हाजींना?" शहरबानूने विचारलं.

"मीच. म्हणून तर माझ्यावर आळ."

"गाडीत होती गळ्यात?"

"काय म्हाईत गो! माणूस तडफडत होता, मी गळा बघत बसू?"

"आठवा. श्वास घेता येत नव्हता, तर गळ्याची बटणं कुणी सोडली?"

यूसुफ थांबला. "मीच सोडली. पाण्याचा हातपण फिरवला मानेवर." त्याचे डोळे मोठे झाले. "दोरी नव्हती. शपथ घेतो, नव्हती!"

"म्हणजे घरातच गळ्यातून काढली गेली. आणि धाकटा बद्र?"

"तो अहमदीत, तेल कंपनीच्या हापिसात. थेट दवाखान्यात आला."

"हे सक्रला सांगितलंत?"

"ड्रायव्हरचं कोण ऐकतो?"

सुगराला कडेवर घेऊन शहरबानू मालकांच्या आतल्या घरात गेली. सक्रची बायको अस्मा स्वयंपाकघरात वेलची निवडत होती. नव्या झग्याचं माप घ्यायचं निमित्त पुरलं. अस्माला बोलायला माणूस हवंच असायचं.

"मोहोर कुठे कुठे शोधली, बीबी?"

"विचार कुठे नाही! पेट्या, गाद्या, खजुराच्या करंड्या. तुमची खोलीसुद्धा."

"आणि उम्म सक्रची?"

"सक्रने स्वतः पाहिली. आईची खोली दुसरं कोण उघडणार?"

"सापडावी असं तुम्हाला वाटतं ना?"

अस्मा फिस्सकन हसली. "मला? बाग विकली की सालमियाला बंगला, समुद्रावर! बद्रला मात्र वाटत असेल, न सापडो. बापाची बाग विकू नये म्हणतो. मग इथे रोज भांडायला येतो कशाला, देव जाणे." तिने आवाज उतरवला. "सासूचं पाहिलंस? कबरीची माती सुकली नाही, आणि डोळ्यांखाली सुरमा! इद्दतीत!"

"विचारलंत?"

"सक्रसमोर विचारलं. गप्प बसली. थेंबभर अत्तरावरून मला चारचौघांत बोलणारी बाई, आणि गप्प!"

शहरबानूने टेप गुंडाळली. दाभोळ असो की कुवेत, नवऱ्यामागे बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, घराबाहेर पडत नाही. सुरमा, मेंदी, अत्तर, दागिना सगळं वर्ज्य. उम्म सक्रने तर पहिल्याच दिवशी आपली चांदीची सुरमादाणी शहरबानूच्या ओंजळीत ठेवली होती. "तुझ्या लेकीला लाव. माझे डोळे आता कुणासाठी?" सुरमादाणी तेव्हापासून शहरबानूच्या ट्रंकेत होती.

उम्म सक्र आपल्या खोलीत चटईवर बसली होती. खिडकी बंद, पंखा चालू, कॉफीचा एकच पेला समोर. सुगराला पाहताच तिने हात पसरले. पोर धावत जाऊन मांडीत बसली आणि मग खुंटीवर लटकणारी तसबीहची माळ मागू लागली.

"घे, घे. सकाळपासून तिथेच आहे बिचारी."

शहरबानूचं लक्ष खुंटीकडे गेलं. इद्दतीचा झगा बेतताना म्हातारीने आतल्या बाजूला, छातीशी, खिसा शिवून घेतला होता. "तसबीह ठेवायला," असं म्हणाली होती.

"यम्मा, मुलं आज येणार?" शहरबानूने विचारलं.

"दोघंही. रोज येतात आता." म्हातारीचा चेहरा क्षणभर उजळला. "तिसऱ्या दिवसाचा तिजा झाल्यावर माझ्या खोलीकडे फिरकले नव्हते. आता एक भिंती ठोकतो, एक ओरडतो. जेवतात मात्र इथेच."

"माझ्या नवऱ्याला उद्या पोलिसांत देणार आहेत."

उम्म सक्रने सुगराच्या केसांतून फिरणारा हात थांबवला.

"यम्मा, तुम्हाला काही सांगायचंय मला?"

"उन्हं फार आहेत, बाळ. ओढणी तेवढी धुऊन दे."

ओढणीच्या टोकाला काळे डाग होते, डोळे पुसल्याचे. शहरबानूने ती मोरीवर नेऊन तांब्याभर पाणी ओतलं. डाग पसरला. सुरमा पाण्यात राखाडी, तेलकट विरतो. हा जांभळा झाला.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. या घरात तिच्या लेकीला मांडीवर घेणारं एकच माणूस होतं.

दुसऱ्या दिवशी अस्रच्या आधी सक्र आणि बद्र आईच्या खोलीत आले. यूसुफ बाहेर अंगणात उन्हात उभा. शहरबानू डोक्यावरून पदर ओढून म्हातारीच्या दारात उभी राहिली.

"सक्रसाहेब, पोलिसांना बोलावण्याआधी माझं ऐका."

"बायकांनी यात पडू नये," सक्र म्हणाला.

"बोलू दे की," बद्रने टोमणा मारला. "भिंती ठोकून तू काय शोधलंस?"

"हाजींच्या गळ्याची बटणं माझ्या नवऱ्याने गाडीत सोडली. दोरी तेव्हाच नव्हती. म्हणजे मोहोर घरातच गळ्यातून काढली गेली. बद्रसाहेब घरात नव्हते. तुम्हाला आणि अस्माबीबींना बाग विकायची आहे. मोहोर तुमच्याकडे असती तर ठसा कधीच उमटला असता."

"मग राहिलं कोण?"

शहरबानूने म्हातारीकडे पाहिलं. "यम्मांच्या डोळ्यांखाली सुरमा दिसला. पण सुरमादाणी इद्दतीच्या पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. ओढणी धुतली तर डाग जांभळा सुटला. ती ठशाची शाई आहे, दगडाच्या खाचांत वाळलेली. मोहोर घामेजल्या हातात धरून कुणी रडलं, त्याच हाताने डोळे पुसले, की अशी लागते. इद्दत मोडल्याचा आळ यम्मांनी मुकाट सोसला. का? शाई म्हणाल्या असत्या तर मोहोर द्यावी लागली असती."

"माझी खोली याने पाहिलीय," उम्म सक्र हळूच म्हणाली.

"खोली पाहिली. मुलगा आईची झडती घेत नाही. छातीशी खिसा मीच शिवलाय, यम्मा. तसबीह खुंटीवर आहे."

मग म्हातारीने झग्याच्या गळ्यातून आत हात घातला. दोरी बाहेर आली, तिला तांबूस दगड.

"तुमचा बाप गुदमरत होता म्हणून मीच काढली होती," ती म्हणाली. "अजून ऊब होती तिला. एक रात्र ठेवू म्हटलं. मग तुम्ही शोधायला यायला लागलात. रोज."

"आई, बाग सरकारजमा होईल!" सक्र ओरडला.

"बागेचं तू बघ. मी दाराचा आवाज ऐकत होते."

तिने शहरबानूकडे पाहिलं. "तुझा नवरा बोटीत चढण्याआधी मी दिली असती."

"दिली असती, यम्मा?"

उम्म सक्रने दोरी चटईवर ठेवली.

सक्रने मोहोर उचलली. बाहेर जाता जाता यूसुफला म्हणाला, "गाडी काढ." तेवढीच त्याची माफी. बद्र उंबऱ्याशी घुटमळला, आईच्या डोक्यावर ओठ टेकले आणि भावामागे धावला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला.

शहरबानूने ताजी कॉफी ओतली. म्हातारीने पेला हातात घेतला, प्यायली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. सुगरा तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली, तिला झोपवताना आई फिरवते तसा. मग पाय न वाजवता आईजवळ आली.

"अम्मा, अब्बांनी घेतली असती तर आपल्याला गावाला धाडणार होते ना?"

"हो."

"मग हिला कुठे धाडणार?"