सोनजाईगडचा कौल

ऊन वर यायच्या आधीच्या उजेडात, तीन महिन्यांच्या वेढ्याने ढासळलेला सोनजाईगडाचा तट, जळून गेलेल्या गवताच्या गंजी आणि सदरेपुढे दोरखंडाने बांधून उभा केलेला बंडखोर किल्लेदार सटवोजी दरेकर, हे सारे एकाच राखाडी रंगाचे दिसत होते.

न्यायासनावर यादोपंत होते. पलीकडे लोडाला टेकून सरकार. तरुणपणी पंत सरकारांचे वकील म्हणून दरबारोदरबारी हिंडले, पुढे न्यायाधीशी आली, राजमंडळात जागा मिळाली, आणि तिथे त्यांनीच कलम करून घेतले: जो साक्षी, त्याने निवाडा करू नये.

"हत्यारासह धरला," कारभारी भिकाजीपंत म्हणाले. त्यांचा धाकटा भाऊ या वेढ्यात पडला होता. "कडेलोट लिहा, पंत."

"खोटं!" सटवोजी ओरडला. "बेलभंडार हाती घेऊन, शपथेवर जिवाचं अभय दिलंत, म्हणून दरवाजा उघडला!"

"साक्ष कोणाची?" भिकाजीपंतांनी विचारले.

सटवोजी पंतांकडे पाहत राहिला. जुने वकील म्हणून सरकारांनी अभयाचा कौल द्यायला त्यांनाच एकट्याला गडावर धाडले होते. कालच पंतांना कारभाऱ्यांचा निरोप आला होता: कौल विसरा, कड्यावर दोघांपुरती जागा आहे.

पंतांनी शिक्का गादीवर ठेवला, पायऱ्या उतरले आणि सटवोजीच्या शेजारी उभे राहिले.

"लिहा, चिटणीस. साक्षीदार यादो महादेव. सरकारांच्या नावे कौल मी दिला."

"वकिली काही सुटत नाही!" भिकाजीपंत हसले. "घरी विचारलंत का? कुंकू कुणाच्या भरवशावर लावायचं त्यांनी?"

"नाही विचारलं. अभय सरकारांचं आहे. मोडायचंच, तर आधी मला लोटावं, मग याला."

सरकार लोडावरून सरळ होऊन बसले. "आमच्या नावचा बेलभंडार मोडणार नाही. दोर सोडा." मग पंतांकडे न पाहता म्हणाले, "शिक्का मात्र आता उचलू नका."

पंतांनी मुजरा केला. त्यांना बरेही वाटले नाही, वाईटही नाही.

दोर सुटल्यावर सटवोजी जवळ आला. "पंत, आमचा थोरला मुलगा तुम्ही कौल घेऊन आलात त्याच्या आदल्या दिवशी बुरुजावर पडला. एक दिवस आधी आला असतात, तर..." पुढे न बोलता तो उतरणीला लागला.

त्या आदल्या दिवशी एकादशी होती. द्वादशीचे पारणे करूनच निघू, असे पंतच म्हणाले होते.

निवाड्याच्या दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणे ते पूजेला बसले. तुळस वाहायची आहे की वाहून झाली, हे त्यांना आठवेना.