कापून घेतलेली व्हर्ना

कॅन्ससमधल्या त्या लहानशा गावात रोज दुपारी मूकपटाचा खेळ असे. म्हातारा अल्विन लोखंडी जिना चढून यंत्राच्या खोलीत आला, रीळ चढवलं आणि दांडा फिरवू लागला. खाली ओपल पियानोला बसली होती. पडद्याकडे बघत बघत वाजवायचं, हे तिचं काम.

चित्रपट हसवणारा होता. बेकरीतला एक नोकर डिटेक्टिव्ह व्हायला निघतो, खोट्या मिशा लावून चोराच्या मागे धावतो. मागच्या गर्दीत टोपी सावरत जाणारी एक मुलगी क्षणभर दिसायची. अल्विनने तिला पहिल्याच दिवशी ओळखलं. व्हर्ना! सिनेमात काम करायला म्हणून कॅलिफोर्नियाला गेलेली त्याची लेक. चार वर्षांत तिची ना चिठ्ठी, ना निरोप.

आवडता चेहरा दिसला की यंत्रवाले तेवढी फिल्म गुपचूप कापून ठेवायचे. काल अल्विननेही तो तुकडा कापून यंत्राच्या खोलीतल्या डबीत ठेवला आणि टोकं चिकटवून टाकली. एवढ्याशाने कुणाचं काय अडणार होतं?

आज तो प्रसंग आला. गर्दी गेली. व्हर्ना नव्हतीच. पण डिटेक्टिव्ह मध्येच थांबला. चोर पळून गेला, तरी हा उभाच. त्याने मागे वळून गर्दी पाहिली, मग खाली वाकून रस्त्यावर भिंग धरलं. लोक खदखदून हसले.

"अल्विन, हे काय रे लावलंस?" ओपल खालून ओरडली. "पळापळ कुठं गेली? मी आता वाजवू काय, तुझं डोंबल?"

अल्विनला काही कळेना. दुसरंच रीळ लागलं की काय? थांबावं, तर दिव्याच्या आचेने फिल्म पेट घेईल. तो फिरवत राहिला.

डिटेक्टिव्हने मान वर केली. लोकांच्या डोक्यांवरून थेट यंत्राच्या खिडकीकडे पाहिलं. मग तो चालत चालत पडद्याच्या कडेबाहेर गेला. मागे उरला नुसता रिकामा रस्ता.

जिना वाजला.

"कोण आहे...? व्हर्ना?"

तिचं नाव तोंडात कसं आलं, त्याचं त्यालाच कळलं नाही. पाठीमागे ताज्या पावाचा वास आला. दांडा सोडून वळायची सोय नव्हती. जरा वेळाने जिना पुन्हा वाजला... उतरणारी पावलं दोघांची होती.

रीळ संपताच अल्विन धडपडत खाली आला. रिकाम्या रस्त्याला वाजवायचं काय, म्हणून ओपल केव्हाच पियानोवरून उठून दाराशी आली होती.

"लेक आली, आणि मला बोलला नाहीस होय रे? आत्ताच गेली, त्या मिशीवाल्याबरोबर. हाक मारली तर थांबली बिचारी. किती वेळ बोलत होती माझ्याशी!"

"काय म्हणाली? कुठं राहते? माझं काही विचारलं?"

ओपल बोलायला गेली आणि अडखळली.

"तेच तर आठवते आहे... ओठ हलत होते रे तिचे. पण आवाज... आवाजच नव्हता."