हातोडीचा झोका

पियानोत भूत आहे म्हणून बोलावणारी माणसं मला अधूनमधून भेटतात. आत बहुतेक वेळा उंदीर निघतो, नाहीतर एखादी पेन्सिल. त्यामुळे या घरातल्या बाईंनी नुसतं "एक पट्टी अडकतेय" म्हटलं तेव्हा मला बरंच वाटलं.

"आईचा पियानो आहे," त्या म्हणाल्या. "जन्मभर यावरच शिकवलं तिनं. डॉक्टरांनी आता हात टेकलेत. तिला एकदा वाजवून ऐकवायचाय, तेवढंच."

आई भिंतीपलीकडच्या खोलीत पडून होत्या. बोलणं बंद झालं होतं. दार उघडं असूनही पलंग दिसत नव्हता, पण श्वास ऐकू येत होता. अर्ध्यावर अडायचा, मग कसाबसा सुटायचा.

मी पियानोची पुढची फळी काढली. पट्टी दाबली की तारेवर आपटणारी हातोडी अर्ध्या वाटेत अडत होती. तिच्या सांध्यात पितळी पिन असते आणि पिनेभोवती लोकरीचं अस्तर. दमट हवेत ते फुगतं आणि पिनेला आवळून धरतं. मी हातोडी सोडवून बाहेर घेतली, अस्तरावर पाणी मिसळलेल्या स्पिरिटचा थेंब सोडला, ड्रायरनं सुकवलं आणि सांधा हलवत बसलो.

"आईचा श्वास बघा किती मोकळा झालाय!" बाई दारातून म्हणाल्या.

"खिडकी उघडलीत ना, म्हणून," मी म्हणालो. असल्या बाबतीत मी शहाणा माणूस आहे.

सांधा सुटला की नाही हे बघायची माझी एक पद्धत आहे. सांधा चिमटीत धरायचा, हातोडीला झोका द्यायचा आणि ती आपणहून थांबेपर्यंत तिला हात लावायचा नाही. लगेच थांबली तर अजून घट्ट आहे. ही छान झुलली. मग झोके लहान होत गेले. पलीकडचा श्वासही लहान होत गेला.

हातोडी थांबली.

"आई? अगं आई, श्वास घे ना!"

मी टिचकी मारली. हातोडी झुलली आणि पलीकडे श्वास सुटला.

योगायोग. खात्री करायची तर तिला पुन्हा एकदा थांबू द्यायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. मला भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी साधी भीती.

झोका मंदावला की मी टिचकी मारत होतो. खिडकीतलं ऊन सरकत पियानोच्या पायाशी गेलं. माझा खांदा भरून आला. बाई आईपाशीच बसून होत्या. त्यांना वाटत होतं, मी काम करतोय.

मग भिंतीपलीकडून एक थकलेला, शिक्षिकेचा आवाज आला.

"हात दुखला असेल तुमचा. बसवा आता ती जागेवर."

बाई धावत बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी आणि चेहराभर हसू.

"ऐकलंत? आई बोलली! किती दिवसांनी बोलली! बसवा ना लवकर, तिला ऐकायचंय."

मी मान डोलावली आणि हातोडीला आणखी एक टिचकी मारली.