सोलांजचा गळा

गुरुवारच्या दुपारच्या खेळासाठी मी सिनेमाची रिळं घेऊन थिएटरवर निघाले होते. काम रोजचंच. फिल्म कापायची, जोडायची, डबे पोचवायचे. पण त्या दिवशी टॅक्सीत डबे मांडीवर घेऊन बसले आणि माझी मान वर होईना.

कारण सांगते. आमचा गाण्यांचा विनोदी सिनेमा. पडद्यावर जिनेत लाव्हार नाचायची, ओठ हलवायची. गळा मात्र सोलांज प्रेबोआचा. जिनेत देखणी, पण सुराशी तिचं उभं वैर. सोलांजला क्षय होता. आमचे मालक रुवेल तिला दर वेळी म्हणायचे, आणखी एकदा गा, पडद्यावर तुझं नाव लावतो. ती तेरा वेळा गायली. तेराव्यांदा रुमाल लाल झाला.

"ब्लांशताई, नाव लावाल ना?" तिनं मला विचारलं.

मी हो म्हटलं. ती वारली त्याच आठवड्यात मालकांनी हुकूम सोडला आणि तिच्या नावाची फिल्म मीच कापून फेकली. लाज वाटली, पण नोकरीही हवी होती.

थिएटर खच्चून भरलं होतं. गाणं आलं. बाजा वाजत होता, जिनेतच्या बुटांची टकटकही ऐकू येत होती. ओठ हलत होते, गाण्याचा आवाज तेवढा गायब होता. लोक फिदीफिदी हसायला लागले. पहिल्या रांगेत बसलेल्या जिनेतला मालकांनी मंचावर ढकललं. कसंही गा म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. आणि... सोलांजचा आवाज आला. तोच गोड, टवाळ सूर. शेवटी तीच खोल ढास.

लोक वेडे झाले. वन्स मोअर, वन्स मोअर! ती पुन्हा गायली. पुन्हा मागणी, पुन्हा गाणं. जिनेत दोन्ही हातांनी स्वतःचा गळा आवळत होती, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तोंडातून मात्र खट्याळ गाणं. लोकांना वाटलं, काय अभिनय करते! पोट धरधरून हसले मेले. तेराव्या वेळी ती कोसळली.

डॉक्टरांनी तिला शुद्धीवर आणून नाव विचारलं.

"सोलांज प्रेबोआ," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तरी लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते रीळ यंत्रावर चढवलं. गाण्याच्या जागी आता आवाज होता. जिनेतचा स्वतःचा, फाटका.

"ब्लांशताई... इथे फार अंधार आहे... मला बाहेर काढा ना..."

मालक माझ्या मागे उभे होते. त्यांनीही ऐकलं.

"बेसूर आहे," ते म्हणाले. "काढून टाक."

मी यंत्र बंद केलं आणि कात्री चालवली. तुकडा टोपलीत पडला. टोपलीतून ती रडतच राहिली.