बंद इंजिनाचा पंखा

देवीदास काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, हे उत्तमराव आधीच सांगून टाकतात. मावसभाऊ आहे त्यांचा. जठारपेठेत राहतो, अकोल्याच्या बायपासवर ट्रकांच्या वायरिंगची आणि सेन्सरची कामं करतो. जेवणं आटोपून पोरं अंगणात जमली, की उत्तमराव आवाज न चढवता सुरू करतात, आणि तारखेपासून सांगतात. सतरा डिसेंबर, बुधवार.

त्या दुपारी पथ्रोटहून भगवंतरावांचा फोन आला. ते संत्रा बागाईतदार. माल न्यायला त्यांनी महिनाभरापूर्वी एक जुना ट्रक घेतला होता.

"पंखा बंदच होत नाई रे बावा," ते म्हणाले. "गाडी सुरू केली का घोंघावते, ते बंद करेपर्यंत. डिझेल पिऊन राहिली नुसती. पहाटे माल काढायचा हाये, आजच ये."

देवीदास आठच्या सुमारास पोचला. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड, त्यात ट्रक, मागे क्रेटांच्या रांगा. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ड्रायव्हर बंडू शेकोटीजवळ बसला होता. पस्तिशीचा गडी, पण चेहरा उतरलेला.

"तब्येत बरी नाई का?" देवीदासनं विचारलं.

"रात्री अंग तापते जी. कॅबिनीत झोपलो का तापते. सकाळी काईच नसते."

ट्रकचा हा पंखा इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन तापलं की क्लच पंख्याला धरतो, थंड झालं की सोडतो. म्हणून देवीदासनं इंजिनावरची कॅबिन पुढे कलती करून आधी पंखा हातानं फिरवला. मोकळा होता. क्लच चांगला. मग कॅबिन खाली करून त्यानं गाडीचे आकडे दाखवणारा स्कॅनरचा टॅब लावला. इंजिनाच्या पाण्याचं तापमान टॅबवर बरोबर दिसत होतं, चौदा अंश. वायर कुठं तुटलेली नव्हती. गाडी सुरू केली, आणि थंडगार इंजिनावर पंखा घोंघावत उठला.

म्हणजे पंख्याला हुकूम कुणीतरी देत होतं. त्यानं टॅबवर एकेक आकडा तपासत नेला. शेवटाकडे बाहेरच्या हवेचं तापमान होतं. तिथं लिहिलं होतं, सेहेचाळीस.

देवीदास हसला. सापडलं. बाहेरच्या हवेचा सेन्सर मेला होता, गाडीला वाटत होतं उन्हाळा आहे. त्यानं पिशवीतून नवा सेन्सर काढून बसवला. आकडा नऊवर आला. पंखा हळूहळू मंदावला.

"झालं," तो म्हणाला. "जरा वेळ पाहतो अन् निघतो."

"मंग मी पडतो," बंडू म्हणाला. "चार वाजता निघा लागते." तो घोंगडी घेऊन कॅबिनमध्ये चढला, मागच्या बाकावर आडवा झाला. दार लागलं. भगवंतराव बागेतल्याच घरी गेले.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टॅबवर आकडा बदलला. नऊचे अकरा झाले. मग अठरा. मग तीस.

देवीदासनं नवा सेन्सर काढून हातात घेतला. गार लोखंड. आकडा मात्र चढतच होता. एकेचाळीस. चव्वेचाळीस. पंखा पुन्हा घोंघावायला लागला.

त्यानं खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं.

पंखा बंद पडला नाही.

तो ट्रकखाली वाकला. टॉर्चच्या उजेडात पाहिलं. पट्टा थांबलेला होता. पुली थांबलेली होती. पात्यांना फिरवणारं काहीच उरलं नव्हतं, आणि पाती फिरत होती... सावकाश, एका लयीत. वारा त्याच्या तोंडावर आला. तो वारा गरम होता. त्याला तापलेल्या डांबराचा वास होता.

देवीदासनं बॅटरीची तार सोडवली.

पाती फिरत राहिली. टॅबवर सत्तेचाळीस.

मग कॅबिनमधून आवाज आला. कुणीतरी आतून दारावर थापा मारत होतं. जोरात नाही. दमलेल्या हातानं.

"बंडू?"

थापा थांबल्या.

"बंडू, दार उघड."

"पाणी..."

आवाज बंडूचा नव्हता.

देवीदास तसाच उभा राहिला. पळून जावंसं वाटलं, असं तो स्वतः कबूल करतो. शेडाचं तोंड दहा पावलांवर होतं. पण बंडू आत होता.

त्यानं दाराला हात लावला. चटका बसला. दार हलेना. अर्धवट उघडी काच त्यानं व्हील पान्यानं फोडली. आतून भट्टीसारखी हवा बाहेर आली. बाकावर बंडू घोंगडीत गुंडाळलेला. तोंड लाल. ओठ फुटलेले. अंगावर घामाचा थेंब नाही.

देवीदास खिडकीतून कमरेपर्यंत आत गेला. घोंगडीसकट त्याला ओढला. तो येईना. पुन्हा ओढला. आत अंधारात... कुणीतरी श्वास घेत होतं. बंडूच्या पलीकडे.

तिसऱ्यांदा ओढल्यावर बंडू एकदम सुटला. दोघंही खाली मातीत पडले.

पंखा थांबला.

भगवंतराव काचेच्या आवाजानं धावत आले. दोघांनी ड्रमातलं पाणी बंडूवर ओतलं, त्याला भगवंतरावांच्या जीपमध्ये घातलं आणि अचलपूरचं हॉस्पिटल गाठलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं तापमापी दोनदा लावून पाहिली.

"ऊन लागलंय यांना. इतका वेळ उन्हात काय करत होते?"

दोघांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर धुकं होतं.

बंडूला आत नेल्यावर भगवंतराव बाकावर बसले.

"पहिल्या मालकाचा ड्रायव्हर त्याच कॅबिनीत गेला होता," ते म्हणाले. "मे महिन्यात. रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपला, तो उठलाच नाई. दोन दिवस कोणाले समजलं नाई."

"तुमाले माईत होतं?"

"होतं."

"मंग बंडूले काहून नाई सांगितलं?"

भगवंतरावांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली. ते रडत होते.

बंडू वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. आता बायकोसोबत अचलपूरच्या बाजारात भाजी विकतो, गाडीला हात लावत नाही. पंधरा दिवसांतून एकदा भगवंतराव त्याच्या दुकानावर जातात, गरजेपेक्षा जास्त भाजी घेतात. ट्रक शेडातच उभा आहे.

देवीदास त्या पहाटे हॉस्पिटलच्या नळावर तोंड धुवायला गेला. स्वेटरची बाही वर सरकवली, आणि थांबला. बाही कुठं फाटलेली नव्हती, जळलेली नव्हती. आत मनगटाच्या वर कातडी काळी पडली होती. दुखत नव्हती. वर्षानुवर्षं उन्हात राबल्यावर रापते, तशी. त्या काळ्या डागाला अंगठा होता, आणि चार बोटं.

धुतल्यानं ते गेलं नाही. अजून गेलेलं नाही.